काचेतलं तळं

"आगं, माणसाला प्यायला पाणी न्हाई, आन तुमी माशाला काचंचं घर करायलाव?"

गटाच्या खोलीच्या दारात उभं राहून गल्लीतल्या एका आजींनी हे विचारलं, तेव्हा आमच्यापैकी कुणालाच पटकन उत्तर सुचलं नाही. प्रश्न खोटा नव्हता. गावाला लागून तेरणा वाहते, तिच्यावर धरणही आहे, पण नदी असणं वेगळं आणि नदीत पाणी असणं वेगळं. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा डबे होते आणि त्यांत पाचेक लाख लिटर पाणी होतं. ते दिवस आपण कुणीच विसरलेलो नाही. मग पन्नास लिटर पाणी काचेत कोंडून ठेवायचं म्हणजे चैन नाही तर काय?

मैत्रिणींनो, आजचं बोलणं त्या आजींना उत्तर म्हणूनच आहे. उत्तर शोधायला निघालो तर फार लांबचा इतिहास हाताला लागला. त्यात मोठमोठे शास्त्रज्ञ आहेत, पण एक शिवणकाम करणारी बाई आहे, एक मोलकरीण आहे, आणि आपल्या तेरचं कापडही आहे.

मुळात आम्ही मासे पाळायला निघालोच नव्हतो. सुरुवात झाली ती पिंपापासून. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून प्रत्येक घरात पिंपं, टाक्या, हौद भरून ठेवलेले असतात. डेंगीचा डास नेमका अशाच घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. नाल्यातलं घाण पाणी त्याला लागत नाही. म्हणजे पाणीटंचाई आली की डेंगीही तिच्या मागोमाग येतो. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, भांडी घासून उलटी करा, हे आशाताई सांगतात ते बरोबरच आहे, पण भरलेलं दोनशे लिटरचं पिंप ओतून द्यायला कुणाचा हात धजतो? तेव्हा आशाताईंनी दुसरा उपाय आणला. आरोग्य केंद्राच्या हौदात वाढवलेले गप्पी मासे, पिशवीतून.

गप्पी हे नाव ऐकून पोरं हसली. पण त्याचा गप्पांशी संबंध नाही. दक्षिण अमेरिकेजवळच्या त्रिनिदाद बेटावर रॉबर्ट गप्पी नावाचे गृहस्थ होते. १८६६ च्या सुमारास त्यांनी हा मासा लंडनच्या संग्रहालयात धाडला, म्हणून त्याला त्यांचं नाव चिकटलं. भारतात तो १९१० च्या सुमारास आला, तोही डासांच्या अळ्या खाण्यासाठीच. त्याआधी तेरा वर्षं, २० ऑगस्ट १८९७ ला, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले होते, ते सिकंदराबादला. तेव्हा सिकंदराबादही निजामाच्या राज्यात आणि आपला जिल्हाही त्याच राज्यात. डासामुळे ताप येतो हे कळलं, तेव्हा डासाला खाणारं काय आहे याचा शोध सुरू झाला आणि बोटाच्या पेराएवढा हा मासा सात समुद्र ओलांडून आपल्या पिंपापर्यंत पोचला. एक गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो असं आरोग्य खातं सांगतं. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, आणि महिन्याभरात पुन्हा देतो. एकदा आणला की परत मागायला जावं लागत नाही.

पिंपात मासे सोडले, पण पोरांचं समाधान होईना. वरून नुसती काळी पाठ दिसते. मासा खातो कसा, पिल्लं कुठं लपतात, शेपटीचा रंग कोणता, काहीच कळत नाही. अंगणवाडीतली पोरं पिंपावर ओणवी व्हायला लागली, तेव्हा मात्र आम्हाला धास्ती वाटली. म्हणून ठरलं, चार मासे काचेत ठेवू.

आणि इथंच इतिहासाचं दार उघडलं. मासे पाळणं फार जुनं आहे, पण माशाला कडेनं बघणं जुनं नाही. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी सोनेरी मासे पाळायला लागले, तेही आधी तळ्यात आणि मग मातीच्या नाहीतर चिनी मातीच्या कुंड्यांत. कुंडी आरपार दिसत नाही. म्हणून त्यांनी जे मासे निवडून वाढवले ते वरून शोभणारे, पसरट शेपटीचे, फुगीर डोळ्यांचे. रोमन लोकांनी मोठाले हौद बांधले, तेही वरूनच बघायचे. आपल्याकडे उमरगा ओलांडून कर्नाटकात गेलं की बसवकल्याण लागतं, ती जुनी कल्याणी, चालुक्य राजांची राजधानी. आपला मुलूख त्यांच्याच राज्यातला. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं इ.स. ११३० च्या सुमारास मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो, कोणत्या माशाला काय चारायचं, गळ कसा टाकायचा, हे सगळं त्यात आहे. राजाचा विनोद होता तो. आमच्या मनात आलं, ही माहिती राजाला कुणी दिली असेल? नदीवर जाळं टाकणाऱ्यांनीच ना? त्यांचं नाव ग्रंथाला नाही.

कडेनं बघायला काच हवी. फ्रान्समधल्या एका लहान गावात चांभाराच्या घरी १७९४ साली जन्मलेली झान विलप्रू नावाची मुलगी अठराव्या वर्षी पॅरिसला निघाली, शिवणकाम शिकायला. चारशेच्या वर किलोमीटर ती पायी गेली असं सांगतात. तिथं ती इतकी हुशार शिवणारी झाली की १८१६ साली राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाख तिच्या हातून झाला. पुढं एका इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिली बेटावर राहायला गेली आणि समुद्रातले जीव बघायचा तिला नाद लागला. त्या काळी लोक मेलेले मासे दारूच्या बाटलीत घालून अभ्यास करायचे. हिला जिवंत बघायचे होते. शिंपल्याच्या होडीत बसल्यासारखा दिसणारा एक जीव तिथं मिळायचा. तो आपलं कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचं बळकावतो, यावर विद्वानांचा वाद होता. झाननं १८३२ साली काचेची पेटी करून घेतली, त्यात समुद्राचं पाणी भरलं, ते जीव वाढवले आणि दाखवून दिलं की कवच त्याचं स्वतःचंच. ज्या बाईनं आयुष्याचा पहिला भाग सुई-दोऱ्यात घालवला, तिनं विद्वानांचा वाद मिटवला.

दुसरी बाई लंडनची, अ‍ॅना थिन. मोठ्या घरची. १८४६ साली समुद्रकाठी फिरायला गेली असताना तिनं प्रवाळाचे जिवंत तुकडे गोळा केले. घरी नेताना ते भांड्यात गडबडा लोळू नयेत म्हणून सुई-दोऱ्यानं एका स्पंजला टाचून टाकले. पुन्हा सुई-दोराच! लंडन समुद्रापासून लांब, रोज ताजं खारं पाणी आणायचं कुठून? मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे रोज अर्धा-पाऊण तास चालायचं आणि ते करायची घरातली मोलकरीण. आज दुकानात माशांच्या टाकीला बुडबुडे सोडणारा पंप मिळतो ना, तो पंप म्हणजे त्या बाईचे दोन हात. तिचंही नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. पुढं अ‍ॅना थिननं पाण्यात समुद्री शेवाळ घातलं आणि ओतण्याचं काम हलकं झालं.

शेवाळानं काम हलकं का झालं? याचं उत्तर आधीच सापडलेलं होतं. १७७१ साली इंग्लंडात प्रीस्टली यांनी बंद बरणीत मेणबत्ती जाळून हवा खराब केली आणि त्यात पुदिन्याची काडी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. १७७९ साली इंगेनहौझ यांनी पुढचं दाखवलं. हिरवी पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की त्यांवर बुडबुडे येतात, अंधारात येत नाहीत. आपण विहिरीतल्या शेवाळावर दुपारी मोत्यासारखे बुडबुडे बघतो, ते हेच. तो प्राणवायू.

या सगळ्याची गाठ मारली ती लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं, १८४९-५० मध्ये. त्याची मांडणी ऐका, कारण आमची टाकी म्हणजे तिचीच नक्कल आहे. बाराएक गॅलनचं काचेचं भांडं, म्हणजे आपले पन्नास-पंचावन्न लिटर. ते पाण्यानं अर्धंच भरलेलं. तळाला वाळू आणि चिखल, वर काही दगड. दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाच्या पाणवनस्पतीचं एक रोप. तिची पानं लांब रिबिनीसारखी असतात, आणि ती आपल्याकडच्या नद्या-तलावांतही उगवते. मासे पानांना खत देतात, पानं माशांना हवा देतात. पण थोड्या दिवसांनी जुनी पानं कुजली, पाणी गढुळलं, काचेवर हिरवा थर धरला. मग त्यानं तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, काच चाटून साफ केली, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांनी खाल्ली. पाणी बदलायचं कामच उरलं नाही.

त्या भांड्यावर लंडनच्या धुराची काजळी पडू नये म्हणून वॉरिंग्टननं तांब्याच्या तारेवर पातळ मलमल ताणून बसवली होती. मलमल! आमच्यातल्या एकीनं हे वाचलं आणि आम्ही सगळ्या हसलो. कारण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या पुस्तकात लिहिलंय, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, आणि तिथून साधं कापड आणि तऱ्हतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर जाते. तगर म्हणजेच आपलं तेर, हे १९०१ साली फ्लीट या अभ्यासकानं मांडलं. वॉरिंग्टनची मलमल तेरची होती असं आम्ही म्हणत नाही, तेरचा तो व्यापार केव्हाच संपला होता. पण कापडाच्या गावच्या बाया आहोत म्हटल्यावर टाकीवर जुन्या सुती साडीचा तुकडा बांधला. धूळ पडत नाही, मासा उडी मारून बाहेर येत नाही, आणि डासही आत जात नाही.

इंग्लंडात मग माशांच्या पेट्यांचं वेड पसरलं. काचेवरचा सरकारी कर १८४५ साली उठला होता, त्यामुळं काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणीबागेत माशांचं घर उघडलं. फिलिप गॉस यांनी १८५४ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि घरोघर लोक समुद्रकाठी बरण्या घेऊन निघाले. पुढं १९०७ साली त्यांच्याच मुलानं लिहून ठेवलं, की लोकांनी ओरबाडून ओरबाडून त्या किनाऱ्यावरची खडकातली सुंदर डबकी उजाड करून टाकली. ही गोष्ट आम्हाला लागली. पुढं तिच्याकडे परत येऊ. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, ते तारापोरवाला या पारशी दानशूराच्या देणगीतून. मुंबईला गेलेल्या कितीतरी मराठवाडी माणसांनी काचेतला मासा पहिल्यांदा तिथंच बघितला असेल.

पण श्रीमंतांचा छंद म्हटला की त्याला यंत्रं चिकटतात. पंप, गाळणी, दिवे, खतं, वायूची नळकांडी. दुकानात विचारलं तर आमच्या गटाची वर्षाची बचत जाईल एवढं सामान सांगतात. यातून सोडवलं ते पुन्हा एका बाईनंच. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली पाणवनस्पतींच्या टाकीवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तळाला साधी माती घाला, वर वाळूचा थर द्या, पहिल्याच दिवशी भरपूर झाडं लावा, खिडकीतून थोडं ऊन येऊ द्या, मासे मोजके ठेवा. बाकीचं झाडं बघून घेतात. म्हणजे दीडशे वर्षांनी पुन्हा वॉरिंग्टनचा चिखल आणि वाळू.

आम्ही काय केलं ते सांगतो. काचवाल्याकडून पाच मिलिमीटर जाडीचे उरलेले तुकडे घेतले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. सिलिकॉननं जोडले. सिलिकॉन घेताना बुरशीनाशक घातलेलं घेऊ नका, ते माशांना विष आहे. दोन दिवस वाळू दिलं, मग पाणी भरून एक दिवस बाहेर ठेवलं, गळती बघितली. तळाला एक इंच चाळलेली माती. बांधावरची, युरिया न पडलेली. शेणखत घालायचा मोह होतो, पण पाण्यात ते सडतं आणि मासे मरतात. त्यावर इंच-दीड इंच धुतलेली वाळू. धुवायची म्हणजे पाणी नितळ येईपर्यंत, तांदूळ धुतो तशी. आणि ते धुण्याचं पाणी झाडांना. हायड्रिला आणि रिबिनीचं शेवाळ धरणाच्या कडेनं मूठभर आणलं. गोगलगायी त्याच्याबरोबर न सांगता आल्याच.

इथवर सगळं बरोबर झालं आणि मग आमची चूक झाली. नळाला त्याच दिवशी पाणी आलं होतं. उत्साहाच्या भरात तेच भरलं आणि संध्याकाळी सात मासे सोडले. सकाळी सातही वर तरंगत होते. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, ती असायलाच हवी, नाहीतर आपली पोरं जुलाबानं आजारी पडतील. पण जी जंतूंना मारते ती माशाच्या नाजूक कल्ल्यांनाही जाळते. पाणी पसरट भांड्यात उघडं, उन्हात एक-दोन दिवस ठेवलं असतं तर तिचा जोर उतरला असता. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं म्हणतात. त्यांच्याच गावात आमचं मडकं कच्चं निघालं. अंगणवाडीतल्या एका पोरीनं ते मासे जास्वंदीखाली पुरले आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

दुसरी गोष्ट त्यानंतर कळली. नवी टाकी पहिल्या दिवशी तयार नसते. माशांच्या लघवी-विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. मातीतले काही जिवाणू त्याचं रूपांतर करत करत शेवटी झाडांना चालणारं खत बनवतात. हे १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं दाखवलं. हे जिवाणू दिसत नाहीत, पण त्यांना घर लागतं, सच्छिद्र घर. दुकानात त्यासाठी महागडे खडे मिळतात. आम्ही कुंभाराकडचे फुटक्या मडक्याचे तुकडे घातले. तेरच्या जुन्या देवळांच्या विटा इतक्या सच्छिद्र आणि हलक्या की पाण्यावर तरंगतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. एकीनं ते सुचवलंही. पण त्या विटांना हात लावायचा नाही, हे तिथल्या तिथं ठरलं. लामतुरे संग्रहालयात आपल्या गावच्या मातीतून निघालेल्या वस्तू बघायला मिळतात, त्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जपल्या म्हणून. त्या गावात माशांसाठी देवळाची वीट काढणार का?

या वेळी तीन आठवडे नुसती झाडं वाढू दिली. मग तीन मासे, मग अजून चार. आपलं बोअरचं पाणी जड असतं, भांड्याला पांढरा थर धरतं. पण गप्पीला आणि रिबिनीच्या शेवाळाला ते मानवतं. टाकी पूर्वेच्या खिडकीपाशी आहे. पश्चिमेच्या उन्हात ठेवली असती तर मे महिन्यात रस्सा झाला असता. चिमटीभर खाणं दिवसातून एकदा. आठवड्यातून एक दिवस उपास. पिंपात अळ्या दिसल्या तर त्या गाळून आणून टाकतो, ते त्यांचं सणासुदीचं जेवण.

आता किनाऱ्याची ती गोष्ट. गप्पी भराभर वाढतात, आणि वाढले की कुणीतरी म्हणतं, सोडा तेरणेत. तसं करू नका. हा मासा परदेशातला आहे. नदीत गेला तर आपल्या बारक्या माशांचं खाणं खातो, त्यांची अंडी-पिल्लं खातो. बाहेरून आलेल्या चिलापीनं आणि जलपर्णीनं आपल्या तलावांत काय केलंय ते दिसतंच आहे. जास्तीचे मासे शेजारच्या पिंपात, बंदिस्त हौदात द्या, नाहीतर आरोग्य केंद्राला परत करा. शेवाळाच्या काड्यासुद्धा नाल्यात फेकू नका, सुकवून खतात घाला. आणि धरणावरून आणताना मूठभरच आणा.

पंधरा दिवसांपूर्वी त्या आजी पुन्हा आल्या. या वेळी दारात थांबल्या नाहीत, आत येऊन खाली बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. एक मादी पोट फुगवून शेवाळात लपली होती, तिच्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही आज-उद्या व्हनार." मग विचारलं, पाणी किती लागतं? आम्ही सांगितलं: एकदा चाळीसेक लिटर भरलं. उन्हाळ्यात रोज तांब्याभर उडतं, ते भरून काढतो. पंधरा दिवसांनी एक बादली काढून एक बादली घालतो. घरातला कूलर एका दुपारी यापेक्षा जास्त पितो.

"आन ती काडल्याली बादली?"

कढीपत्त्याला घालतो, आम्ही म्हटलं. आजींनी खिडकीतून बाहेर वाकून कढीपत्त्याचं झाड बघितलं, चार डहाळ्या तोडून ओच्यात घेतल्या आणि म्हणाल्या, पुढच्या बारीला बादली माझ्या मिरच्यांना.